पेडलमध्ये राहिलेला बूट

चष्मेवाली सायकल हाताने ढकलत दुकानासमोर आली तेव्हा मिस्त्रीने आधी सायकल ओळखली, मग तिला. हिरवी, जाड टायरांची, डोंगरवाटेवर चालवायची ती सायकल त्याने स्वतःच्या हातांनी जुळवली होती. मग त्याची नजर डाव्या पेडलवर गेली आणि तिथेच खिळली. पेडलमध्ये एक बूट होता. रिकामा. नाडी सुटलेली, जीभ बाहेर लोंबणारी, तळवा मात्र पेडलला घट्ट धरून. पाय तेवढा निघून गेला होता.

"आत आणू?" तिने विचारलं.

नको, हे मिस्त्रीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला नको म्हणायची त्या ओठांना सवय नव्हती. तो बाजूला झाला.

चष्मेवाली म्हणजे दोन गल्ल्या सोडून असलेल्या चष्म्याच्या दुकानाची मालकीण. चाळिशी ओलांडलेली, मोजकं बोलणारी आणि बोलता बोलता समोरच्याच्या चष्म्याची दांडी वाकडी झाली नाही ना, हे बघणारी. मिस्त्रीचा वाचायचा चष्मा तिच्याकडचाच. पण मिस्त्रीच्या दुकानात ती याआधी कधी आली नव्हती. यायची ती तिची धाकटी बहीण. तिला दुकानात सगळे भिंगरी म्हणायचे. एका जागी दोन मिनिटं उभी राहील तर शपथ. आली की चारही भिंतींवरचं सामान बघणार, चाकं फिरवून सोडणार, आणि "काका, येते" म्हणत वाऱ्यासारखी बाहेर.

आठ महिन्यांपूर्वी भिंगरी कड्यावरच्या वाटेवरून सायकलसकट खाली गेली. सायकल झुडपात अडकली. ती वाचली नाही.

"गॅलरीत होती," सायकल भिंतीला टेकवत चष्मेवाली म्हणाली. "तेव्हापासून. लोकांनी नाडी सोडून तिचा पाय काढला, बूट तसाच राहिला. आम्ही कुणीच हात लावला नाही. वारा सुटला की पेडल झुलतं. बूट जरासा पुढे जातो, जरासा मागे येतो. आई दार लावून घेते. पण दार काचेचं आहे, लावून काय उपयोग?"

मिस्त्रीने फडक्याला हात पुसले.

"हा बूट काढा," ती म्हणाली, "आणि मला सांगा, तिचा पाय का सुटला नाही. मग याच बुटांना, उजवा या पिशवीत आहे, नवीन क्लीट बसवा, माझ्यासाठी. आम्हा दोघींचं माप एकच होतं. मला त्या वाटेवर जायचंय."

क्लीट म्हणजे बुटाच्या तळव्याला, चवड्याखाली, दोन बोल्टांनी बसवायचा लोखंडी तुकडा. अंगठ्याच्या पेरापेक्षा जरा मोठा. पेडलवर पाय दाबला की तो स्प्रिंगच्या जबड्यात टक्कन बसतो. मग खडकातून सायकल उडाली तरी पाय घसरत नाही. सोडवायचा असला की टाच बाहेरच्या बाजूला वळवायची, तेवढ्यात सुटतो. गंमत म्हणजे पाय पकडून ठेवणाऱ्या या पेडलांना जगभर 'क्लिपलेस', म्हणजे बिनपकडीची, म्हणतात. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं मिस्त्री प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा आणि स्वतःच हसायचा. पूर्वी.

"ताई, क्लीटचं काम मी बंद केलंय."

"कधीपासून?"

मिस्त्रीने हातातल्या फडक्याची उगाच घडी घातली. "आठ महिने झाले."

तिने मान हलवली, तिला हेच उत्तर येणार हे माहीत असल्यासारखी. "तरी तुम्हीच करा," ती म्हणाली. "तिची तुम्हीच बसवली होती."

*

मिस्त्रीने क्लीटच्या नावाने कानाला खडा लावला होता खरा, पण त्याचं कारण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. बायको बालवाडीत शिकवायची आणि मुलांच्या पोटातलं काढून घेण्यात तिचा हातखंडा होता. तिनेही दोन-तीनदा खडा टाकून पाहिला. "तुम्ही हल्ली एकच बोल्ट तीन तीनदा आवळता," ती म्हणाली होती. "आणि दुकानात मध्येच मान वर करून ऐकत बसता. काय ऐकता?"

"कुठं काय," मिस्त्री म्हणाला होता.

ऐकत तो होता. रोज, साधारण अकराच्या सुमाराला, म्हणजे भिंगरी यायची त्या वेळेला, फरशीवर पावलं वाजायची. क्लीट लावलेल्या बुटांची चाल कशीही लपत नाही, लोखंड फरशीला लागतं. टक, टक, टक, टक. पण ही चाल सरळ नव्हती. उजवा पाय टक. डावा पाय टकर्र. टक, टकर्र. टक, टकर्र. कामाच्या ओट्यापासून सुरू व्हायची आणि दारापर्यंत जायची. मिस्त्री मान वर करायचा, तर दारात ऊन आणि समोरच्या लाँड्रीतली वाफ. बाकी कुणी नाही.

भूत वगैरे मानणारा माणूस तो नव्हता. सव्वीस वर्षं तो सायकलींचे आवाज ऐकून दुखणं सांगत आला होता. गिऱ्हाइकाने नुसती सायकल दारापर्यंत आणली तरी आतून ओरडायचा, "मागचं बेअरिंग गेलंय!" ज्या आवाजाला कारण नाही असा आवाज त्याला ठाऊक नव्हता. म्हणून तर या आवाजाची त्याला जास्त भीती वाटायची. कारण त्याचं कारण त्याला नेमकं माहीत होतं.

भिंगरी गेली त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ती दुकानात आली होती. ब्रेकचे पॅड हवे होते. बूट पायातच होते. मिस्त्री एका चाकाची आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढत बसला होता. चाकाच्या तारा ताणताना त्यांची पितळी निपलं, म्हणजे टोकाचे बारीक नट, ओठांत धरून ठेवायची त्याची जुनी सवय, त्या दिवशीही पाच-सहा ओठांत होती. त्याने बोटानेच पॅडचा खोका दाखवला. भिंगरीने दोन उचलले, हात हलवला आणि निघाली.

टक, टकर्र. टक, टकर्र.

मिस्त्रीच्या कानाने ते तेव्हाच पकडलं. डाव्या बुटाचं क्लीट ढिलं आहे. बोलवावं, पाना फिरवावा, अर्ध्या मिनिटाचं काम. पण ओठांत निपलं होती, हातात चाक जुळत आलं होतं, आणि आता सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून. दारात ती क्षणभर थांबलीसुद्धा. डाव्या पायाचा चवडा तिने दोनदा फरशीवर आपटला, चप्पल नीट बसली नाही की आपण आपटतो तसा. मिस्त्रीला वाटलं, ही परत येणार सोमवारी, तेव्हा बघू. लोक मूग गिळून बसतात. मिस्त्री निपलं धरून बसला.

सोमवार आला तो बातमी घेऊन. त्या वाटेवर तिच्या मागून सायकलने येणारा तिचा सोबती पोस्टात कामाला होता. तो दुकानात येऊन स्टुलावर बसला आणि किती वेळ नुसते हात चोळत होता. "दगडाला चाक लागून ती थांबली हो," तो म्हणाला. "काहीच नव्हतं. नुसता डावा पाय टेकायचा होता. टाच वळवत होती. मी मागून बघत होतो. टाच वळत होती, वळतच होती, पण पाय काही सुटेना. मग ती हळूच दरीच्या बाजूला कलली."

मिस्त्रीने त्याला पाणी दिलं. त्या दिवशीच, पाय का सुटला नाही, हे त्याला बूट न बघताही समजलं होतं.

*

"बसा," आता तो चष्मेवालीला म्हणाला. "बूट मी नंतर काढतो. आधी क्लीट कोणतं ते ठरवू."

तिने चप्पल काढून पाय पुढे केला. मिस्त्रीने गुडघ्यावर बसून तिच्या चवड्याचं हाड अंगठ्याने चाचपलं, कडेला पेनाने टिंब काढलं. मग कितीतरी दिवसांनी क्लीटचा खण उघडला आणि दोन पुड्या काढून तिच्या समोर ठेवल्या.

"दिसायला सारखीच आहेत. हे काळं, हे एकाच बाजूने सुटतं. टाच बाहेर वळवली तरच. वर ओढा, आत वळवा, सोडणार नाही. ज्यांचा पाय तयार आहे त्यांच्यासाठी. आणि हे राखाडी, हे कसंही सुटतं. घाबरून पाय वर ओढला, वाकडा ओढला, तरी सोडतं. कधी नको तेव्हाही सोडतं, पण नवशिक्याला हेच बरं."

"तिचं कोणतं होतं?"

"काळं."

"तुम्ही दिलंत?"

"मी राखाडी दाखवलं होतं. ती हसली. म्हणाली, काका, ते लहान मुलांना द्या." मिस्त्री थांबला. "मी आग्रह धरला नाही. तिचा पाय खरंच तयार होता."

"मलाही काळंच द्या."

"नाही."

"का?"

"तुम्हाला मी ते देणार नाही, ताई. पाहिजे तर दुसरीकडून घ्या."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, नंबर तपासताना बघायची तसं. मग राखाडी पुडी उचलून त्याच्या हातात दिली. "परवा येते," ती म्हणाली. "बूट काढताना मला बघवणार नाही." दारात जाऊन ती परत वळली. "जे असेल ते सांगा. माझ्यापासून लपवू नका."

*

बूट काढणं सोपं गेलं नाही. मिस्त्रीने पेडलची स्प्रिंग पूर्ण ढिली केली, चपटा स्क्रूड्रायव्हर फटीत घातला आणि बुटाला आईने तापलेल्या पोराला धरावं तसं दुसऱ्या हाताने धरलं. जबडा उघडला. बूट हातात आला, इतका हलका की मिस्त्रीचा तोल गेला.

त्याने तो उलटा केला. क्लीट एकाच बोल्टावर लटकत होतं. दुसऱ्या बोल्टाच्या जागी वाळलेल्या मातीने भरलेलं भोक. बोटाने ढकललं तर क्लीट घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरलं. बरोबर. दोन बोल्ट असले तर टाचेबरोबर क्लीट वळतं आणि पेडलच्या बाहेर पडतं. एकच असला तर बूट वळतो, क्लीट आपल्या जागी फिरत राहतं, आणि पेडल सोडतच नाही. टाच वळत होती, वळतच होती.

हे सगळं त्याच्या कल्पनेप्रमाणेच निघालं. पण एक गोष्ट कल्पनेत नव्हती.

क्लीट बसवून झालं की त्याच्या पुढच्या कडेला पांढऱ्या शाईची बारीक रेघ ओढायची, ही मिस्त्रीची पद्धत. पुढे कधी बदलायचं झालं तर जागा हुडकत बसायला नको. ती रेघ बुटावर होती, जराही पुसली नव्हती. पण क्लीट रेघेपाशी नव्हतं. ते चांगलं चार मिलिमीटर मागे, टाचेच्या बाजूला होतं. आणि प्लास्टिकच्या तळव्यात त्याच्या कडांचे रुतलेले ठसे दोन होते. एक खोल, जुना, रेघेला लागून. एक उथळ, नवा.

म्हणजे त्याने बसवल्यानंतर कुणीतरी ते उघडलं होतं, मागे सरकवलं होतं आणि नीट आवळलं नव्हतं. भिंगरी नव्हे. तिला तिची जागा इतकी पक्की माहीत होती की मिस्त्रीला तिचा चवडा मोजावासुद्धा लागला नव्हता.

मिस्त्रीला पहिल्यांदा काय वाटलं, ते त्याने पुढे कुणालाच सांगितलं नाही. त्याच्या जिवात जीव आला. छातीवरचं काहीतरी उठून गेलं आणि तो मोठ्याने हसला. एकटाच, रिकाम्या दुकानात, मेलेल्या मुलीचा बूट हातात धरून. हसू त्याच्या कानावर पडलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

बूट त्याने फळीवर ठेवले आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

दुसऱ्या दिवशी अकराला तो चाकाची आऊट काढत बसला होता. मुद्दाम नव्हे, काम आलं होतं. ओठांत निपलं होती. लाँड्रीवाल्याने समोर चादर झटकली, आणि मिस्त्रीच्या पाठीमागे, ओट्याच्या अगदी जवळ, पाऊल वाजलं.

टक. टकर्र.

तो ताठ झाला. पावलं त्याच्या उजव्या खांद्याशेजारून गेली. हवेचा जरासा झोत त्याच्या मानेला लागला, कुणी जवळून गेलं की लागतो तसा. टक, टकर्र. टक, टकर्र. दाराशी पोचली. मग रोज व्हायचं नाही ते झालं. चवडा फरशीवर आपटला. एकदा. दोनदा.

मिस्त्रीने निपलं थुंकली. ती फरशीवर चहूकडे उडाली. चाक हातातून सुटून स्टँडसकट आडवं झालं.

"भिंगरी, थांब," तो म्हणाला. "डावा बूट ढिला आहे. ये इकडे. बघू."

पावलं पुढे गेली नाहीत. मागेही आली नाहीत. उंबऱ्यापाशी, उन्हाच्या चौकोनात, काहीच नव्हतं. आणि त्या काहीच नसलेल्या जागेकडे मिस्त्री हात पुढे करून कितीतरी वेळ बसून राहिला. शेवटी लाँड्रीवाला आला आणि म्हणाला, "काय हो, बरं वाटत नाही का? सगळं पसरलंय."

"पडलं हातातून," मिस्त्री म्हणाला आणि गुडघ्यावर बसून निपलं वेचू लागला.

*

तिसऱ्या दिवशी चष्मेवाली सांगितल्या वेळेला आली. मिस्त्रीने मनाशी ठरवलं होतं. आपला दोष सांगायचा. रेघेबद्दल मात्र ताकास तूर लागू द्यायचा नाही. घरातल्याच कुणाचा तरी हात लागला असणार. त्या माणसाचं नाव घरात निघालं तर घर उभं राहणार नाही.

त्याने डावा बूट तिच्यासमोर उलटा ठेवला, क्लीट फिरवून दाखवलं. पाय का सुटला नाही ते साध्या शब्दांत सांगितलं. मग दम घेऊन तो शनिवारच्या दिवसावर आला आणि काहीही वगळलं नाही. निपलं, चाक, दोनदा आपटलेला चवडा, सोमवारी बघू.

तिने बूट जवळ ओढला. "तुम्हाला ऐकू आलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"हो, ताई."

मिस्त्रीला वाटलं ती रडेल, ओरडेल, निदान उठून जाईल. ती बुटावर वाकली. सवयीने तिने आपला कामाचा भिंगाचा चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला.

"ही रेघ कसली?"

"कसली नाही. शाई लागली असेल."

"मिस्त्री," ती म्हणाली, "मी दिवसभर अर्ध्या मिलिमीटरचा फरक बघत असते. ही ओढलेली रेघ आहे."

मिस्त्रीने फरशीकडे पाहिलं. "खूण आहे माझी. क्लीट तिथे होतं."

तिने अंगठ्याचं नख रेघेवर ठेवलं, मग क्लीटच्या कडेवर. "चार," ती म्हणाली. चष्मा काढला.

"मी सरकवलं," ती म्हणाली.

मिस्त्री काही बोलणार होता, तिने हात वर केला.

"त्याच आठवड्यात, गुरुवारी, ती कामावर गेली होती. मी तिला न सांगता सायकल काढली. इतके दिवस मला शिकवायचं म्हणत होती, मी नको नको म्हणत होते. म्हटलं, आपणच शिकून एकदम तिच्या मागे जाऊन उभं राहू. बंगल्यांच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर दोन चकरा मारल्या. डावा चवडा दुखायला लागला. तिनेच कधीतरी सांगितलं होतं, क्लीट मागे घेतलं की दुखत नाही. घरी येऊन पाना घेतला, मागे घेतलं." तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "चष्म्याचा स्क्रू जास्त आवळला तर काच तडकते. वीस वर्षं हाताला तीच सवय लागलीय, टेकला की थांबायचं. मी तेवढंच आवळलं. म्हटलं, रात्री ती आली की सांगू, ती करेल नीट. ती आली ती गाणी म्हणत. मग आमचं कशावरून तरी वाजलं. टॉवेलवरून. ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून. आणि सांगायचं राहून गेलं."

तिने चष्म्याच्या दांड्या मिटल्या.

"मला खात्री नव्हती," ती म्हणाली. "वाटायचं, आवळलं असेल नीट. तुम्ही बघून सांगाल, की दुसरंच काही होतं. स्प्रिंग होती, गंज होता. म्हणून आणला बूट."

मिस्त्रीला तिला धीर द्यायचा होता. तुमच्या हाताला काय माहीत, असं काहीतरी. पण जे बोलायचं ते एवढंच निघालं, "ते माझ्या कानाला कळलं होतं, ताई. तुम्हाला नव्हतं कळलं. मला कळलं होतं."

ती उठली. बूट तिथेच राहिले. "कळलं होतं," ती दारात पाठमोरीच म्हणाली, "हे मी तुम्हाला माफ करीन असं समजू नका."

"नाही समजत," मिस्त्री म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला, ते हसू सोडून, सगळं सांगितलं. झाल्यावर ती त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आता तुम्ही तिला एकटं सोडायचं नाही. रागावली तरी."

*

चष्मेवाली अकरा दिवस आली नाही. मिस्त्री दोनदा तिच्या दुकानासमोरून गेला. दोन्ही वेळा ती मान खाली घालून कुणाच्या तरी चष्म्याचे स्क्रू बसवत होती. बाराव्या दिवशी सकाळी ती आली, शिळा चेहरा घेऊन.

"राखाडी बसवा," ती म्हणाली.

मिस्त्रीने जुनं क्लीट काढलं. तळव्यातली माती सुईने खरवडली, आटे घासून साफ केले. बुटाच्या आतल्या गादीवर पाच बोटांचे काळपट ठसे होते; तो गादी बदलायला निघाला तर ती म्हणाली, "राहू दे." नवं क्लीट त्याने तिच्या चवड्याचं हाड पुन्हा चाचपून बुटाच्या तळव्यावर त्या जागी धरलं, बोल्टांना, ते ढिले पडू नयेत म्हणून, निळा चिकट द्राव लावला आणि पाना तिच्या हातात दिला.

"मी?"

"तुम्ही. टेकला तरी थांबू नका. अजून. अजून. हां, आता."

तिच्या बोटांची पेरं पांढरी झाली होती. कपाळावर घाम होता. मग त्याने पेडलची स्प्रिंग अगदी मऊ केली. दुकानामागच्या बोळात सायकलसकट भिंतीला धरून तिला उभं केलं आणि डावा पाय अडकवायला, सोडवायला लावला. शंभर वेळा. मग उजवा. मग पुन्हा डावा. रोज येऊन तिने पंधरा दिवस हेच केलं, आणि त्या सबंध पंधरा दिवसांत कामाव्यतिरिक्त एक शब्द ती मिस्त्रीशी बोलली नाही.

सोळाव्या दिवशी ती म्हणाली, "उद्या सकाळी जाऊ. तुम्हीही या."

मिस्त्री गेली दहा वर्षं त्या वाटेवर गेला नव्हता. त्याच्या गुडघ्यांनी चढावर जीव नकोसा केला. सपाट पेडलांची जुनी सायकल कधी चालवत, कधी ढकलत तो तिच्या मागे राहिला. वर वारा होता आणि गवत एका बाजूला झोपलेलं. जागा ओळखायला कुणी सांगावं लागलं नाही. वाटेत आडवा पडलेला एक दगड, त्याच्या डावीकडे कडा, खाली झुडपं. बस. इतकी साधी जागा होती ती. इतका साधा दगड.

चष्मेवाली दगडाच्या अलीकडे थांबली. डावी टाच वळली, पाय सुटला, जमिनीवर टेकला. ती तशीच उभी राहिली, एक पाय पेडलमध्ये, एक जमिनीवर. मिस्त्री तिच्यापासून चार पावलांवर. ती दरीकडे बघत नव्हती. मागे वळून, ज्या वाटेने आले ती वाट बघत होती. मिस्त्रीनेही वळून पाहिलं. वाट रिकामी होती. तरी दोघंही एका बाजूला सरकले, कुणाला तरी पुढे जायला जागा द्यावी तसे, आणि आपण असं का केलं हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

"आईला सांगितलं," ती म्हणाली.

"काय म्हणाल्या?"

"कपड्यांच्या घड्या घालत होती. घालतच राहिली. मग म्हणाली, पाना मीच तर तुला काढून दिला होता, शिलाई मशीनच्या खणातून. मला वाटलं, तुला आठवत असेल." चष्मेवालीने ओठ चावला. "मला आठवत नव्हतं हो. मी तिच्यापासून लपवत होते आणि ती माझ्यापासून. त्या काचेच्या दाराच्या अलीकडे, आठ महिने, आम्ही दोघी एकाच टेबलावर जेवत होतो."

मिस्त्रीने पाण्याची बाटली पुढे केली. ती तिने घेतली, प्यायली, अर्धी उरलेली परत दिली.

"उतरताना तुम्ही पुढे जा," ती म्हणाली.

"नाही. तुम्ही पुढे. मला तुमच्या टाचा दिसल्या पाहिजेत."

उतरायला त्यांना तास लागला. मिस्त्री मागून ओरडत होता, "ब्रेक हळू! डावा मोकळा ठेवा! बघताय कुठे, पुढे बघा!" घसा बसेपर्यंत ओरडत होता. शेवटच्या वळणावर ती पडली. डोंगराच्या बाजूला, गवतात, कोपर सोलून. पाय दोन्ही सुटले होते. मिस्त्री सायकल टाकून धावत पोचला तेव्हा ती उताणी पडून आभाळाकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत ओघळत होतं.

"लागलं का?"

"लागलं," ती म्हणाली. "धरा हात."